वीस वर्षांचं कर्ज, दहा वर्षं चार महिने

(१९९३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेलं भाषण)

 

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "या वेळी गाणी, फिशपाँड सगळं आहेच, पण प्रत्येकाने आपल्याला जे येतं त्यातलं थोडं इतरांना द्यायचं." आपल्यातले डॉक्टर मधुमेहावर बोलले, शेतीतले मित्र ठिबकवर बोलले. मला म्हणाले, "तू घराचं कर्ज निम्म्या मुदतीत फेडलंस म्हणे, त्यावर बोल." मी म्हटलं, अहो, जेवणाआधी व्याजावर बोललं तर लोक जेवायला थांबतील का? ते म्हणाले, "जेवणाची कुपनं भाषणानंतर वाटणार आहोत." तेव्हा तुम्ही आता माझ्या ताब्यात आहात.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात गेली अठरा वर्षं हिशेब लिहिते. माझे यजमान चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. आमच्या दोघांच्या पगारात लपवण्यासारखं किंवा मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून आकडे सरळ सांगते.

जून २००९ मध्ये आम्ही मोशीला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट घेतला. कर्ज १६ लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेनऊ टक्के, बदलत्या दराचं. हप्ता १४,९१४ रुपये. तेव्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार ३३,००० रुपये होता. म्हणजे पगार झाला की निम्म्याला थोडासा कमी पैसा घराच्या नावाने जायचा, आणि उरलेल्यात सासूबाई, आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी.

आठवीच्या वर्गात सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले होते: मुद्दल, दर, मुदत, रास. चक्रवाढ व्याजाचं सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलं, पेपरात लिहिलं, पाचपैकी पाच मार्क घेतले आणि सोडून दिलं. कर्जाचे कागद हातात आले तेव्हा मला ते चार शब्द पुन्हा भेटले. मी विचार केला, यातलं आपल्या हातात काय आहे? मुद्दल बिल्डरच्या भावाने ठरवलं. दर बँक ठरवते, आणि त्याच्यामागे रिझर्व्ह बँक. उरली मुदत. ती कागदावर २४० महिने अशी छापलेली असते, म्हणून आपल्याला वाटतं तीही ठरलेलीच आहे. तसं नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे: कर्जातली मुदत ही एकच गोष्ट आपली आहे, आणि ती आपण ठरवली नाही तर आपल्यासाठी दुसरं कुणीतरी ठरवतं.

आता गणित बघू. सर समोर बसले आहेत, त्यामुळे मी पायऱ्या दाखवून सोडवते.

१६ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज होतं १२,६६७ रुपये. हप्ता १४,९१४. वजा केलं तर मुद्दलात गेले २,२४७ रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यातले शंभरपैकी पंच्याऐंशी रुपये नुसतं व्याज. वर्षभर आम्ही जवळजवळ १ लाख ७९ हजार भरले, आणि कर्ज कमी झालं ते २८ हजारांनी. दर बदलला नाही असं धरलं तर २० वर्षांत हप्त्यांची बेरीज होते ३५ लाख ७९ हजार. १६ लाखांच्या कर्जाला १९ लाख ७९ हजार व्याज. एक घर आपलं आणि एकाहून जरा मोठं घर बँकेचं!

यात बँकेची काही लबाडी नाही, हे आधी सांगते. दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज लागतं. सुरुवातीला मुद्दल जास्त, म्हणून व्याज जास्त. पण याच कारणाने सुरुवातीला जादा भरलेला रुपया सगळ्यात जास्त काम करतो. तो थेट मुद्दलातून वजा होतो, आणि त्याच्यावर पुढे जेवढी वर्षं व्याज लागलं असतं तेवढं सगळं वाचतं.

एक उदाहरण देते. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी ५० हजार जादा भरले आणि हप्ता तसाच ठेवला, तर शेवटचे अठरा हप्ते पूर्ण वाचतात आणि एकोणिसावा बराचसा. व्याजात बचत सुमारे २ लाख ३० हजार. तेच ५० हजार पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर बचत होते २९ हजारांच्या आसपास. रक्कम तीच, माणूस तोच, बँक तीच. फरक फक्त कधी भरले याचा. "आता जमत नाही, पुढे पगार वाढला की एकदम मोठी रक्कम भरू," असं म्हणणारे बरेच असतात. पुढची मोठी रक्कम आजच्या छोट्या रकमेला गाठू शकत नाही.

आणखी दोन हिशेब, तुम्ही घरी पडताळून पाहा. दर वर्षी फक्त एक हप्ता जादा भरला, म्हणजे बारा ऐवजी तेरा, तर २० वर्षांचं हे कर्ज १६ वर्षं ५ महिन्यांत संपतं आणि ४ लाखांहून थोडं अधिक व्याज वाचतं. आणि पगारवाढीबरोबर हप्ता दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढवत गेलात, तर तेच कर्ज १२ वर्षांत संपतं. पाच टक्के म्हणजे पहिल्या वर्षी साडेसातशे रुपये. तेवढ्याला आपण एका रविवारी बाहेर जेवून येतो.

आता मूळ प्रश्न: जादा पैसा आणायचा कुठून? ३३ हजारांतून १५ हजार गेल्यावर उरतं काय?

मी माहेरी जे पाहिलं ते आधी सांगते, कारण माझी चिकाटी तिथून आली. वडील विकास सोसायटीचं पीककर्ज घ्यायचे. उसाचं बिल आलं की सोसायटीची वसुली त्यातूनच आधी व्हायची आणि उरलेलं घरी यायचं. वडील कधी तक्रार करायचे नाहीत. म्हणायचे, "आधी कापून गेलं ते बरं. हातात येऊन द्यायचं म्हटलं की हात जड होतो." माझ्या अंदाजपत्रकाचा पाया हे एक वाक्य आहे. महिनाअखेरीला उरेल ते भरू, असं ठरवलं तर काही उरत नाही. म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी जादा रक्कम वेगळ्या खात्यात जायची. पहिल्या वर्षी ती महिन्याला २,००० रुपये होती. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही. तिथे २५ हजार जमले की बँकेत जाऊन ते मुद्दलात भरायचे.

दुसरी गोष्ट मला ऑफिसात हिशेब लिहिताना कळली. घरचं अंदाजपत्रक भाजी, दुधाने मोडत नाही. ते मोडतं वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या. मग विम्याचा हप्ता. घरपट्टी. दिवाळी. गावची जत्रा. गाडीचा विमा. वर्षातून दोन-तीन लग्नांचे आहेर. यातला एकेक खर्च आला की आपण म्हणतो, "या महिन्यात जरा जास्त झाला." असे महिने वर्षात आठ असतात! मी एका वहीत हे सगळे खर्च लिहिले, बेरीज केली आणि बाराने भागली. आमचा आकडा महिन्याला ३,४०० आला. तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला पडू लागली आणि जूनचं, दिवाळीचं ओझं गेलं. तुम्ही बाकी काही केलं नाहीत तरी हे एक करा.

तिसरी गोष्ट: कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवलं. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या आणि तपासण्या, मुलीचं दूध-फळं आणि शाळा, आणि जत्रेला गावी जाणं. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर होती. ज्या काटकसरीने घरातलं माणूस दुखावतं ती काटकसर चार महिन्यांवर टिकत नाही. उलट बाजूला काय नव्हतं, तेही सांगते. दहा वर्षं चारचाकी नव्हती. जुना टीव्ही बिघडेपर्यंत चालला. अक्षय्य तृतीयेला गुंजभर सोनंसुद्धा घेतलं नाही, यावर माझ्या नणंदांनी अजून मला माफ केलेलं नाही.

यजमानांचा आणि माझा एकदा जोराचा वाद झाला, २०१२ मध्ये. त्यांच्या कंपनीतल्या दोघा-तिघांनी गाड्या घेतल्या होत्या. ते म्हणाले, "मी रोज शिफ्ट करून पावसात बाइकवर येतो. घर आपलं होईपर्यंत मी म्हातारा होईन." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वही काढली नाही. त्यांना एक चांगला रेनकोट आणि कंपनीच्या बसचा पास घेतला. पास महिन्याला ९०० रुपये, आणि तो जादा भरण्याच्या रकमेतून कमी केला. त्या वर्षी कर्ज थोडं हळू फिटलं. पण दोघांपैकी एकाला वाटत असेल की आपल्यावर ओझं लादलंय, तर अंदाजपत्रक नुसता कागद राहतो. तेव्हापासून नियम झाला: दरमहा प्रत्येकाला ५०० रुपये, त्याचा हिशेब विचारायचा नाही.

मुलगी सहा-सात वर्षांची असताना शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आपण गरीब आहोत का?" तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांना हॉटेलात नेलं होतं आणि आमच्याकडे घरी इडली-सांबार होतं. मी तिला आलेख कागद दाखवला. आपण भूमितीला वापरायचो तसला. त्यावर २४० चौकोन आखले होते. भरलेला हप्ता वरून हिरवा, आणि जादा भरून वाचलेला हप्ता खालून लाल. तिला म्हटलं, "हे सगळे चौकोन रंगले की या घरात आपलं कुणाला काही देणं नाही." त्या दिवसापासून रंगवायचं काम तिचं. लाल चौकोन आपोआप वाढत नाहीत हे तिला कळलं होतं. एकदा दिवाळीला यजमानांचा बोनस आला तेव्हा तिने आधी विचारलं, "बाबा, यातले लाल किती?" बोनसचा निम्मा भाग लाल, निम्मा फराळ-कपडे, असं ठरलेलं होतं.

दर वर्षी पगार वाढला की वाढीचा निम्मा भाग जादा रकमेत टाकत गेलो. नवव्या वर्षी महिन्याचे २,००० चे १०,००० झाले होते. मधल्या काळात दर वर गेले, खाली आले. एप्रिल २०१६ मध्ये बँकांची एमसीएलआर पद्धत आली. नव्या ग्राहकांना आमच्यापेक्षा कमी दर मिळतोय हे दिसल्यावर मी अर्ज केला आणि थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत गेले. बँक आपणहून हे सांगायला घरी येत नाही. विचारावं लागतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्ज संपलं. दहा वर्षं चार महिने. वर्षावर्षाच्या व्याजाच्या प्रमाणपत्रांची बेरीज केली तर ११ लाखांच्या आसपास व्याज गेलं होतं. १९ लाख ७९ हजारांच्या जागी.

पाच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, लॉकडाउन लागला. यजमानांची कंपनी बंद, नंतर सुरू झाली ती अर्ध्या पगारावर. आमच्या ऑफिसातही दोन महिने पगार उशिरा झाला. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हतं, ते मुद्दलात मिळत होतं. आमच्या सोसायटीत कितीतरी घरांत तेव्हा झोप उडाली होती. आम्ही आमटी-भात खात होतो, पण रात्री झोपत होतो. लोक मला विचारतात, कर्ज लवकर फेडून काय मिळालं? किती व्याज वाचलं ते मी सांगते, पण खरं उत्तर ते सहा महिने आहेत.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "हे ठीक आहे, पण तोच पैसा एसआयपीत टाकला असता तर जास्त वाढला असता." असेलही. बाजार चांगला असेल आणि तुम्ही मधे न काढता पंधरा-वीस वर्षं थांबणारे असाल, तर वाढू शकतो. पण कर्जावरचं व्याज नक्की जाणार असतं आणि बाजारातला परतावा नक्की नसतो. दोन्हींना एकाच तराजूत तोलू नका. आम्ही आधी कर्ज संपवलं आणि नोव्हेंबर २०१९ पासून हप्ता आणि जादा रक्कम मिळून जवळजवळ २५ हजार दरमहा पीपीएफ आणि एसआयपीत टाकायला लागलो. लॉकडाउनमध्ये ते काही महिने थांबवलं. ते थांबवलं म्हणून कुणी नोटीस पाठवली नाही!

दुसरा आक्षेप आयकराचा. "व्याजावर वजावट मिळते, मग कशाला फेडायचं?" राहत्या घराच्या व्याजावर जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. पण तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर १ लाख व्याज भरल्यावर २० हजारांच्या आसपास कर वाचतो. ८० हजार गेलेच ना? आणि नव्या करपद्धतीत राहत्या घराला ती वजावट नाही. कर वाचवायला व्याज भरणं म्हणजे सवलत मिळते म्हणून नको असलेली साडी घेणं.

पण जादा भरण्याची घाई कुणी करू नये, तेही सांगते. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर ती आधी. तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. वैयक्तिक कर्ज, सोनेतारण असेल तर तेही आधी. घरात सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल, आरोग्यविमा नसेल, कमावत्या माणसाचा मुदतीचा विमा नसेल, तर आधी तो करा. बँकेत भरलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही.

आता आपल्या वयाची गोष्ट. आपण सगळे पंचेचाळीस-शेहेचाळीसचे. मे २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. तुमच्यापैकी पुष्कळांचा हप्ता फारसा वाढला नसेल आणि तुम्ही निर्धास्त असाल. हप्ता वाढला नाही, मग काय वाढलं? सूत्रातला उरलेला शब्द. मुदत.

समजा ३० लाख बाकी होते, ७ टक्के दर, १५ वर्षं उरलेली. हप्ता २६,९६५. दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर १५ वर्षांची साडेबावीस वर्षं होतात. आज शेहेचाळीस वर्षांचे असाल तर कर्ज संपेल अडुसष्टाव्या वर्षी. निवृत्तीनंतर हप्ता कोण भरणार? मुलं? १५ वर्षांतच संपवायचं असेल तर हप्ता हवा ३१,३२७, म्हणजे ४,३६२ रुपये जास्त. साडेसात वर्षं आणि सव्वाचार हजार रुपये यांच्यातून निवड करायची आहे, आणि ती तुमच्याऐवजी संगणकाने केलेली असू शकते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला विचारायचं. बाकी किती हप्ते, किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी द्यायचा. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. तेव्हा घरी गेल्यावर पहिलं काम: बँकेकडून तक्ता मागवा आणि एकच रकाना बघा, शेवटच्या हप्त्याची तारीख. त्यापुढे आपलं वय लिहा.

दुसरं काम: जादा रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहा, "हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी." नाहीतर हप्ता कमी होतो, तेवढे पैसे घरखर्चात विरघळतात आणि मुदत तिथेच राहते. पोच घ्या, नवा तक्ता घ्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना घेता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. कुणी दंड मागितला तर हे सांगा.

तिसरं काम ज्यांचं कर्ज संपत आलंय त्यांच्यासाठी. शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजू नका. मूळ करारनामा, इंडेक्स टू, बाकी नसल्याचा दाखला ताब्यात घ्या. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असतो, तो कमी करून घ्या. सरसाईच्या नोंदणीतला बोजा बँकेने काढला का ते विचारा, आणि सिबिलमध्ये कर्ज बंद दिसतं का ते दोन महिन्यांनी बघा. १ डिसेंबर २०२३ पासून एक नियम लागू झालाय: पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आमच्या वेळी हा नियम नव्हता. कागदांसाठी मी चार चकरा मारल्या.

शेवटी एक गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही. दहा वर्षांपूर्वी आपला पहिला मेळावा झाला. रिसॉर्टवर, माणशी ३,५०० रुपये वर्गणी. मी आले नव्हते. "जमणार नाही" एवढंच कळवलं होतं. ते ३,५०० त्या महिन्याच्या जादा रकमेपेक्षा थोडे कमी होते, आणि मी निवड केली होती. त्या निवडीचं मला वाईट वाटलं नाही. पण नंतर फोटो आले आणि त्या फोटोंत आपल्या इतिहासाच्या बाई होत्या. आज त्या आपल्यात नाहीत. माझी त्यांची भेट राहूनच गेली. तेव्हा मी तुम्हांला असं सांगणार नाही की काटकसरीत काही गमवावं लागत नाही. लागतं. म्हणून मुदत जेवढी कमी तेवढं बरं. गमावण्याचे दिवसही तेवढेच कमी.

या वेळी संयोजकांनी मेळावा शाळेच्या पटांगणात ठेवला, वर्गणी ज्याला जमेल तेवढी, आणि कुणी किती दिली ते वाचून दाखवलं नाही. यामुळे आज इथे किती जण येऊ शकले हे मला माहीत आहे, कारण हिशेब माझ्याकडे आहे. नावं सांगणार नाही. फक्त संयोजकांचे मनापासून आभार मानते आणि पुढच्या वेळीही असंच ठेवा, अशी विनंती करते.

ज्यांना आपल्या कर्जाचा तक्ता वाचता येत नाही त्यांनी तो घेऊन माझ्याकडे या. फी घेणार नाही, चहा मात्र घेईन. सर, उत्तर बरोबर आलं का ते तुम्ही तपासा. कुपनं आता वाटायला हरकत नाही.